सतरा नंबरचा मुलगा शाळेच्या संघात का नको?

घरी शिकणारी मुले म्हटली की पुण्या-मुंबईची सुखवस्तू कुटुंबे डोळ्यांसमोर येतात. आमच्या माळशिरस तालुक्यात शाळेबाहेर शिकणारी मुले वेगळी आहेत. सहावीत शाळा सोडून हिफ्जला गेलेला, कुरआन मुखोद्गत करून परतलेला आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारा मुलगा. गॅरेजवर काम करत अभ्यास करणारा दुसरा. घरकामात अडकलेली मुलगी. वेळापूर, अकलूज हा खो-खो आणि कुस्तीचा मुलूख. ही मुलेही त्यात वाढलेली. पण शालेय स्पर्धा आल्या की ती कडेला बसतात. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही लागते आणि ही मुले शाळेच्या पटावर नसतात.

माझ्या मते त्यांना खेळू द्यावे. हा काही नुसता हौसेचा प्रश्न नाही. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गरिबाच्या मुलासाठी त्या वाटेची पहिली पायरी शालेय स्पर्धाच असते.

मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर घरी शिकली. प्रोग्रामिंगच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताकडून तिने तीन पदके मिळवली. बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीत प्रवेश नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतले. अमेरिकेतच, फ्लोरिडा राज्यात, घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या संघात खेळता येते. टिम टिबो हा फुटबॉलपटू तसाच पुढे आला.

क्रीडाशिक्षकांची भीती मला कळते. वय चोरलेला, जिंकण्यापुरता आणलेला बाहेरचा गडी कुणालाच नको. शिवाय वर्षभर घाम गाळणाऱ्या पटावरच्या मुलाची जागा जायला नको, हेही खरे. म्हणून जन्मदाखला तपासा, वर्षभर एकच शाळा ठरवा, सरावाची हजेरी सक्तीची करा. शाळा कोणती, हा प्रश्नही अवघड नाही. सतरा नंबरवाल्याला संपर्क केंद्र म्हणून एक शाळा मिळतेच. त्याची कागदपत्रे ती शाळा तपासते, मग खेळाच्या प्रवेशिकेवर तिने सही का करू नये?

आपल्यातलेही काही म्हणतील, हाफिजला खो-खो कशाला? आणि मुलीला तर नकोच. पैगंबरांनी (स.) हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस हेच लोक जुम्म्याच्या बयानात कौतुकाने ऐकतात. परवानगी मिळाली तरी मुलीला सरावाला पाठवायचे की नाही, हे शेवटी घरातच ठरणार, आणि तिथे क्रीडा अधिकाऱ्याची सही चालत नाही.