तीन ओळींचा तास

जपानी हायकूची पाच-सात-पाच अक्षरे जुळली, की कविता झाली, असे आमच्या विद्यार्थ्यांना वाटते. मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हा हिशेब सक्तीचा मानला नाही. धरला तो क्षण.

जुन्नर-आंबेगावची मुले प्रथम ‘क्षितिज’, ‘विरह’ असलेच काही लिहितात. उसातला बिबट्या, दारातला हिरडा हे कवितेचे विषय त्यांना वाटतच नाहीत. मी सांगतो, विशेषणे खोडा. दिसले तेवढेच लिहा. परवा एका मुलीने भीतभीत वही पुढे केली :

अंगणात हिरडा
आई सारखी बघते
आभाळाकडे

अक्षरे सतरा नव्हेत, वीस! पण अवकाळीची धास्ती अन् घरच्या मीठमिरचीची चिंता, दोन्ही न सांगता आली. वर्गात कुणीही बोटे मोजली नाहीत.