जोंधळ्याचें विष आणि माणसावरील आळ

पावसानें दडी मारलेली, हातभर वाढलेला जोंधळा सुकत चाललेला, दावणींत वैरणीची काडी नाहीं. अशा वेळीं भुकेली गाय दावें तोडून त्या पिकांत शिरते. थोड्याच वेळांत ती थरथरूं लागते, धापा टाकते आणि कोसळते. कित्येक गांवीं यास 'किराळ लागली' असें म्हणतात. परंतु ज्यास हें ठाऊक नाहीं त्याच्या तोंडीं पहिला उद्गार येतो तो, 'कोणी तरी विष घातलें!' मग बांधाचा तंटा आठवतो, भाऊबंद आठवतो. आणि हे दोन्ही नसले तर गांवकुसाबाहेरचा गरीब आहेच.

इंग्रजी अमदानींत उत्तर हिंदुस्थानांत गुरें मेलीं कीं चामड्याच्या लोभानें विष घातल्याचा आळ चर्मकारांवर येई. सोमल घातल्याचीं सर्वच प्रकरणें खोटीं होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा आक्षेप इतकाच कीं, मेलेल्या जनावराचें पोट तपासण्यापूर्वीं माणसाची जात तपासली जाई. ती खोड आज समूळ गेली असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

जोंधळ्यांतला गुन्हेगार तर १९०२ सालींच सांपडला आहे. डन्स्टन व हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनीं मिसर देशांतील कोवळ्या जोंधळ्यांतून एक द्रव्य वेगळें काढलें व त्या धान्याच्या 'धुर्रा' या अरबी नांवावरून त्यास 'धुरिन' म्हटलें. हें द्रव्य पानाच्या एका थरांतील पेशींत असतें व त्यास फोडणारें विकर दुसऱ्या थरांत. जनावरानें पान चघळलें कीं दोहोंची गांठ पडते आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतें. मग रक्तांत प्राणवायु असूनही शरीरास तो वापरतां येत नाहीं. म्हणूनच तें रक्त लालभडक दिसतें. वजनाच्या दर किलोस सुमारें २ मिलिग्रॅम विष झपाट्यानें पोटांत गेलें तरी प्राणावर बेततें. कोवळ्या पोंग्यांत, कापणीनंतरच्या फुटव्यांत, पाण्याच्या ताणानें खुरटलेल्या ताटांत, युरियाचा मारा झालेल्या शेतांत तें वाढतें. फुलोऱ्यानंतर उतरतें, व नीट वाळलेल्या कडब्यांत बरेंच कमी होतें.

फुलोऱ्यापूर्वीं जोंधळ्यांत गुरें सोडूं नयेत हें जाणता गुराखी पूर्वींपासून सांगत आला आहे. त्यास आमच्या पदवीधरांनीं हंसूं नये. परंतु नुसत्या ज्ञानानें भागत नाहीं. जिच्यापाशीं दोन शेळ्या आहेत आणि जमीन मुळींच नाहीं, ती बाई दुष्काळांत हिरवें पान दिसल्यावर फुलोऱ्याची वाट कशी पाहणार? तिला उपदेश करण्यापूर्वीं सरकारानें वैरण द्यावी.

पिक्रेटच्या द्रावणांत भिजविलेली पिवळी कागदी पट्टी आणि बुचाच्या नळींत ठेंचलेलीं पानें. विष असल्यास पट्टी विटकरी होते. एवढी परीक्षा प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यांत व्हावयास कोणती हरकत आहे? सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट हे उतारे शिरेंतून वेळेवर टोंचले तर जनावर वांचूं शकतें. पण मरण घटकेंत येत असतां औषध तालुक्याच्या गांवीं कुलुपांत असून उपयोग काय? चाऱ्याच्या जोंधळ्याच्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर ठळक मराठींत इशारा छापण्याची सक्ति असावी. आणि गुरें अकस्मात् मेल्याच्या पंचनाम्यांत कोणाही संशयिताचें नांव लिहिण्याअगोदर पोटांतील चारा हवाबंद बरणींत तपासणीस गेल्याची नोंद असावी. ती नसेल तर तो पंचनामा वरिष्ठांनीं तसाच परत पाठवावा.