घरी न्या, म्हणजे काय करा?

पूर्व विदर्भातल्या खेड्यांत ‘घरी न्या’ ह्या दोन शब्दांना एक ठरलेला अर्थ आहे. नागपूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयातून निघालेली गाडी देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागली, की आत निजलेल्या माणसाला आणि त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोला तो अर्थ पुरता कळलेला असतो. डॉक्टरांचा सल्ला बहुधा चुकीचा नसतो. कर्करोग हाडांपर्यंत पोचल्यावरही शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे म्हणजे त्या कुटुंबाला उरलीसुरली बांधी विकायला लावणे होय. प्रश्न आहे तो पुढचा. घरी नेले; मग काय करायचे? ह्या प्रश्नाला आपल्या आरोग्यव्यवस्थेजवळ धड उत्तर नाही, आणि स्पष्टच लिहायचे तर आपल्या पक्षाच्या ठरावांतही ते मला कधी आढळले नाही.

हा विषय मला सुचला तो ग्रंथांतून नव्हे. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना असेच घरी आणले. आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणत असू. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावाखालची चार एकर धानाची शेती त्यांनी जन्मभर स्वतःच्या हातांनी केली होती. घरी आणल्यावर आम्ही त्यांना आतल्या खोलीत बाजेवर निजवले आणि प्रेमाने, अगदी निखळ प्रेमाने, त्यांची सारी कामे हिरावून घेतली. सुनेने भरवायचे, मुलाने अंग पुसायचे, भांडे बाजेखाली ठेवायचे. आठवड्याभरात भाऊ बोलेनासे झाले. आम्हांला वाटले, रोग वाढला.

पुढे नात्यातली एक मुलगी दोन दिवसांसाठी भेटीला आली. ती नागपूरला व्यवसायोपचार शिकलेली. तिने आल्या आल्या भाऊंच्या डॉक्टरांना फोन करून कोणत्या हाडांवर भार घालणे धोक्याचे आहे ते विचारून घेतले. मग बाजेशी बसून तिने जो प्रश्न केला, तो आमच्यापैकी कोणी केला नव्हता. ती म्हणाली, “आबाजी, दिवसभरात असं कोणतं काम आहे, जे तुम्हांला स्वतः करावंसं वाटतं?” भाऊंनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “मले माह्या पायानं परसाकडं जाऊ द्या. अन् औंदाचं बियाणं मी निवडतो.”

त्या दोन दिवसांत तिने जे केले त्याचा खर्च मी अर्थशास्त्राच्या माणसाच्या सवयीने मांडून ठेवला आहे. तो हजार रुपयांच्या आतबाहेर होता. बाज सखल होती, तीवरून उठताना कंबरेत कळ निघे. तिच्या चारी पायांखाली विटा बसवून ती गुडघ्याच्या उंचीला आणली. घरातल्या जुन्या लाकडी खुर्चीची बैठक सुताराकडून मधोमध कापून घेऊन ती शौचाच्या जागेवर मांडली. सपरीपासून तिथपर्यंत हाताशी येईल असा बांबू बांधला. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला, कारण बोटांची पकड गेली होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिने दिवसाची मांडणी बदलली. वेदनेची गोळी घेतल्यावर जो तासा-दीड तासाचा बरा वेळ मिळे, तो आम्ही अंघोळीत आणि पाहुण्यांत घालवत होतो. ती म्हणाली, अंघोळ बसून आणि दिवसाआड झाली तरी चालेल. हा वेळ आबाजींच्या कामासाठी राखून ठेवा. शरीरातली शक्ती ही तुटपुंज्या मिळकतीसारखी असते, ती कुठे खर्चायची हे मिळवणाऱ्याने ठरवावे, असा तिचा एकूण विचार होता. पस्तीस वर्षे मर्यादित साधनांच्या वाटपाचे शास्त्र शिकवलेल्या मला ते तिच्याकडून ऐकावे लागले!

भाऊ त्यानंतर पाच आठवडे जगले. रोज सकाळी सपरीत बसून, मांडीवर सूप घेऊन त्यांनी बियाण्याचे धान निवडले, आणि कोणत्या बांधीत कोणते वाण टाकायचे ते मुलाला सांगितले. त्यांचे आयुष्य एका दिवसानेही वाढले असे मी म्हणणार नाही. ते पुन्हा बोलू लागले, एवढे मात्र सर्वांनी पाहिले.

ह्या विद्येला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा किंवा नोकरी नव्हे. माणूस दिवसभर ज्या ज्या कृतींत गुंतलेला असतो, म्हणजे उठणे, न्हाणे, जेवणे, देवाला फूल वाहणे, नातवाला गोष्ट सांगणे, त्या साऱ्या ह्या शब्दात येतात. आपल्या देशात ही विद्या शिकवण्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली, ही अभिमानाची पण विस्मृतीत गेलेली गोष्ट आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विष्णू निंबकरांशी विवाह करून इथल्याच झालेल्या कमला निंबकर ह्यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. ती भारतातलीच नव्हे तर आशियातली पहिली मानली जाते. 1952 साली त्यांनी अखिल भारतीय संघटना उभारली. 1958 साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तशी शाळा निघाली. गोंदियाहून रेल्वेने नागपूर सुमारे 130 किलोमीटर. ह्या अंतरावर सहा दशकांहून अधिक काळ हे शास्त्र शिकवले जात आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या दहा माणसांना विचारले तर नऊ जणांनी त्याचे नावही ऐकलेले नसेल. शिकलेली मुले मोठ्या शहरांत जातात, कित्येक परदेशी जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खेड्यात त्यांच्यासाठी पदच नसेल तर त्यांनी यावे कशाला?

आता मरणाच्या वाटेवरच्या रुग्णाची सेवा. तिला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. लंडनमध्ये 1967 साली सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंनी ह्या सेवेला आधुनिक रूप दिले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयीन समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. त्यामुळे असेल, पण वेदना केवळ शरीराची नसते हे त्यांना इतरांआधी उमगले. मुंबईत 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झाले, पुण्यात 1997 साली सिप्ला कंपनीने उपशामक केंद्र काढले. केंद्र सरकारने 2012 साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला. 2018 नंतर उपकेंद्रांच्या पातळीवर द्यावयाच्या बारा सेवांतही वृद्धांची व उपशामक सेवा कागदोपत्री आली. मॉर्फिनची कथा तर आपल्या व्यवस्थेचे व्यंगचित्रच आहे. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, पण 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने कागदपत्रांचे असे जंजाळ उभे केले, की वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णापर्यंत ती पोचू नये. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. कायदा सुधारला, तालुक्याचे औषधाचे दुकान मात्र अजून भितेच.

तरीही, गोळी मिळाली असे धरून चालू. गोळीने वेदना थांबते. थांबलेल्या वेदनेचे त्या माणसाने काय करायचे, हा प्रश्न उरतोच, आणि व्यवसायोपचार तिथून सुरू होतो.

इथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ मित्रांनी तो मला बोलूनही दाखवला. ते म्हणाले, “ज्याने जन्मभर ढोरमेहनत केली, त्याला मरतानाही तुम्ही कामाला लावणार? त्याला निवांत पडू द्या की!” भंडारा-गोंदियाच्या विडी कामगार बाईचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ती बाई आजारातही सूप मांडीवर घेते, कारण हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी बुडली तर चूल पेटत नाही. ह्या आक्षेपाला मी टाळू इच्छीत नाही. अंथरुणाला खिळलेली बाई विड्या वळते आहे हे दृश्य समाधानाचे मानणारा माणूस समाजवादी असूच शकत नाही. पण दोन प्रश्नांमधला फरक पाहावा. ठेकेदार विचारतो, किती झाल्या? ही विद्या विचारते, तुला काय करावेसे वाटते? एखाद्या बाईचे उत्तर ‘काहीही नको, मला अंगणात उन्हात पडू द्या’ असेही असेल. मग अंगणापर्यंत तिला कळ न येता कसे न्यायचे, उशी कोठे द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशी केव्हा बदलायची, हेही ह्याच विद्येचे काम आहे. आणि पोटासाठी विड्या वळणारीच्या घरात आधी पैसा पोचला पाहिजे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान 2023 साली महिना 1500 रुपये झाले, तेवढ्यावर ती सूप खाली ठेवील असे कोणी समजू नये.

आपल्या परंपरेचा इथे थोडा अपुरेपणा आहे असे मला वाटते. काम मागणाऱ्याला काम मिळाले पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्राने रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्याने मान्य केले, आणि त्यामागे आपल्या चळवळीचे श्रम होते. परंतु काम म्हणजे मजुरी, हे समीकरण आपणही नकळत स्वीकारले. ज्याच्या श्रमाला बाजारात किंमत उरली नाही, त्याला आपण करुणेचा विषय मानले. वरोऱ्याला बाबा आमटे ह्यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती कुदळ दिली तेव्हा ह्या समजुतीला विदर्भातच तडा गेला होता. आपण त्यांचा गौरव केला, बोध मात्र आपल्या कार्यक्रमात आणला नाही.

अर्थशास्त्राचा दुसरा मुद्दा घरातल्या बाईचा. रुग्ण घरी आला की राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातून तो नाहीसा होतो, आणि त्याची सेवा करणारी सून किंवा पत्नी त्या हिशेबात कधी नव्हतीच. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीप्रमाणे विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, पुरुष 97. ह्या पाच तासांवर मरणासन्न माणसाचे उचलणे-बसवणे पडते. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांचा खर्च देते. शौचाची खुर्ची, बांबूचा आधार, आठवड्याची एक गृहभेट ह्यांना तिच्यात जागा नाही. मोठ्या यंत्राला पैसा आहे, विटेला नाही. भाऊ स्वतःच्या पायांनी परसाकडे जाऊ लागले तेव्हा सर्वांत मोठा दिलासा कोणाला मिळाला असेल, तर आमच्या सूनबाईंना. तिची कंबर वाचली, हे तिने लाजत सांगितले.

हे खेड्यात अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी आमच्या शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष 1999 साली जगापुढे आले, आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात तशा गृहभेटी आल्या. जन्माच्या वेळी जी बाई घरात शिरू शकते, ती मरणाच्या वेळी शिरू शकणार नाही असे कोण म्हणेल? केरळात कोझिकोडला 1993 साली सुरू झालेल्या एका दवाखान्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले, 2008 साली राज्याने धोरण केले, आणि आज तेथील पंचायती गृहभेटींचा खर्च उचलतात. मात्र हे काम आशाताईंवर फुकट लादू नये. मोबदल्यासाठी त्यांना 2023 साली संप करावा लागला, हे विसरून नवे कर्तव्य सुचवणे ही लबाडी ठरेल.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपली पहिली मागणी तिथूनच निघावी: जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांसाठी व्यवसायोपचारतज्ज्ञाचे प्रत्येकी एक कायम पद, फिरतीचे वाहन, आणि त्याच्या हाताखाली प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पगारी, प्रशिक्षित स्थानिक स्त्री. नागपूरच्या विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यांतल्या घरांत काम करावयास पाठवता येईल. पंधराव्या-सोळाव्या वित्त आयोगाच्या चर्चेत आपण पंचायतींच्या निधीबद्दल पुष्कळ लिहितो. त्या निधीतून चार चाकांच्या खुर्च्या घेण्याचा ठराव एखाद्या तरी ग्रामसभेत मांडू या.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही काही आहे. ह्याच भागाने, तो भंडारा जिल्ह्यात असताना, 1954 च्या पोटनिवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना लोकसभेवर पाठवले होते. त्या वेळच्या कार्यकर्त्यांना कोणत्या घरात कोण आजारी आहे हे तोंडपाठ असे, असे आमचे वडील सांगत. आज तालुक्याच्या कार्यालयातली मागची खोली जुन्या निवडणुकांच्या फलकांनी भरलेली आहे. ती रिकामी करावी, आणि गावात कोणाचे काम संपल्यावर अडगळीत पडलेल्या खुर्च्या, काठ्या, चाकाच्या गाड्या तिथे गोळा करून गरजवंताला उसन्या द्याव्यात. बैठक कापलेली भाऊंची खुर्ची पुढच्या सोमवारी मी तिथे आणून ठेवतो आहे. सुताराने तिचा एक पाय नीट करून दिला आहे.