आजोबा, आज किती पावलं?

साप्ताहिक सदर : गावाकडची तब्येत

अंगावर यंत्र बांधून चालण्याबद्दल आपल्या भागात सर्वांत जास्त गाजलेला ‘आजोबा’ माणूस नव्हता, बिबट्या होता. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीतून त्याला बाहेर काढलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. गडी महिनाभरात सव्वाशेएक किलोमीटर तुडवत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे जाऊन पोहोचला. पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. त्या पट्ट्याने आजोबाला चालवलं नाही. तो चालत होता, पट्ट्याने नोंद तेवढी ठेवली. हा फरक ध्यानात ठेवून पुढचं वाचा, कारण आता पट्टे घरोघरच्या आजोबांच्या मनगटावर यायला लागलेत.

वडील न्हाणीत घसरतात, खुब्याचं हाड मोडतं, मंचरला नाहीतर पुण्याला नेऊन ऑपरेशन होतं, सळई पडते किंवा गोळा बदलला जातो. चाकणच्या कंपनीत असलेला मुलगा सुट्टी संपवून परत निघताना दीड-दोन हजारांचा बँड वडिलांच्या हाताला बांधतो. ‘आता तुम्ही किती चालता ते मला तिकडं मोबाईलवर दिसंल,’ असं सांगून जातो. आठ दिवसांनी बँडची बॅटरी उतरते, तो टीव्हीशेजारी जाऊन पडतो आणि वडील पलंगावर. मग गावभर निष्कर्ष निघतो की असल्या खेळण्यांचा काही उपयोग नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. पट्टा जरूर बांधावा. पण त्याने सुधारायचं आहे ते घरच्यांनी, म्हाताऱ्या माणसाने नव्हे.

आपल्याकडे आजारपणातली सेवा म्हणजे माणसाला जागेवरून उठू न देणं. ऑपरेशन झालेली आजी घरी आली की तिचा पलंग आतल्या खोलीत जातो. पाण्याचा तांब्या उशाशी, ताट मांडीवर, भांडं पलंगाखाली. भेटायला येणारा प्रत्येक जण नारळ किंवा बिस्किटांचा पुडा ठेवतो आणि तोच सल्ला देतो : ‘पडून राहा, लई घाई करू नका.’ सून तिला हातसुद्धा लावू देत नाही, ही त्या घराची तारीफ समजली जाते. डॉक्टरांनी सोडताना ‘चालवत राहा’ असं सांगितलेलं असतं, पण ते एकदाच. ‘पडून राहा’ दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. आजीचा तरी काय दोष? चालायला गेलं की दुखतं, आणि न चालण्याला सगळ्यांची परवानगी आहे.

या पडून राहण्याची किंमत मोजलेली आहे. २००७ साली अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून एक अभ्यास झाला. सरासरी वय सदुसष्टच्या आसपास, आजार कोणताच नाही. तरी दहा दिवसांत पायांचं मांस सुमारे एक किलोने घटलं. ऑपरेशन झालेल्या, आधीच अंगात रक्त कमी असलेल्या, अर्धी भाकरी खाणाऱ्या आपल्या आजीचं काय होत असेल याचा अंदाज करा. त्यात पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ, पाठीला जखमा. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने २०११ मध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरबद्दल सूचना केली, की वैद्यकीय अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभं करा.

आणि दवाखान्यातही फार चालणं होतं अशातला भाग नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दाखल असलेल्या पासष्टीपुढच्या रुग्णांच्या अंगाला हालचाल टिपणारी यंत्रं लावली. हे रुग्ण ८३ टक्के वेळ आडवे असल्याचं निघालं, आणि त्यातले बहुतेक स्वतः चालू शकणारे होते. यंत्र लावलं नसतं तर ‘चालतात की थोडंफार’ असंच सगळे म्हणाले असते. आपण घरीही हेच म्हणतो. पट्ट्याचा पहिला उपयोग इथे आहे : ‘थोडंफार’ची जागा आकडा घेतो. दिवसभरात १८० पावलं झालीत हे दिसलं की ताट पलंगावर नेणारा हात क्षणभर तरी थांबतो.

मेयो क्लिनिकने २०१३ मध्ये हृदयाचं ऑपरेशन झालेल्या, पन्नाशीपुढच्या दीडशेच्या आसपास रुग्णांना असे पट्टे लावून पाहिले. पहिल्या काही दिवसांत जे जास्त चालले, ते दवाखान्यातून लवकर सुटले आणि थेट घरी गेले. यावर कुणी म्हणेल, ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त चालले असतील. रास्त शंका आहे. पण तसं धरलं तरी आकडा कामाचाच ठरतो, कारण कोण मागे पडतंय ते तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सांगतो, तीन आठवड्यांनी टाके काढून झाल्यावर नाही.

मात्र नुसता आकडा माणसाला हलवत नाही. पावलं मोजणाऱ्या यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये निघाला. तो ऑपरेशनच्या रुग्णांचा नव्हता, एरवीच्या माणसांचा होता, पण त्यातली एक गोष्ट इथे लागू पडते. यंत्र वापरणाऱ्यांचं चालणं रोज सरासरी अडीच हजार पावलांनी वाढलं खरं, पण ते ज्यांना ठरावीक उद्दिष्ट दिलं होतं त्यांचं. ज्यांच्या हाती यंत्र दिलं आणि उद्दिष्ट काहीच दिलं नाही, त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे पट्ट्यासोबत दोन गोष्टी हव्यात : किती चालायचं हे ठरवणारा माणूस, आणि संध्याकाळी ‘आज किती?’ म्हणून विचारणारा माणूस.

ठरवताना दहा हजार पावलांचं भूत आधी डोक्यातून काढा. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. विक्रीची हाक पुढे जगाचा नियम होऊन बसली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक ज्येष्ठ महिलांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढत नव्हता. ही झाली ऑपरेशन न झालेल्या बायकांची गोष्ट. वॉकर धरून उभ्या राहिलेल्या आजीला तर २०० वरून २५० हीसुद्धा कमाई आहे. तिला आकड्यांत सांगूही नका. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून गोठ्यापर्यंत आणि एक दिवस मारुतीच्या पारापर्यंत, असं सांगा. पायावर किती भार द्यायचा हे मात्र ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं. पोटरी सुजली, दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर पावलं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

यंत्राची खोडही माहीत असलेली बरी. हे पट्टे मनगटाच्या झोक्यावरून पावलं ओळखतात. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापते, शेंगा फोडते, ताक घुसळते, तेव्हा हात हलतो आणि पट्टा पावलं चढवत जातो. तीच आजी वॉकरच्या दांड्या घट्ट धरून, दात-ओठ खात अंगण ओलांडते तेव्हा मनगट हलतच नाही आणि पट्टा म्हणतो शून्य. बसून केलेल्या कामाला शाबासकी आणि चालण्याला काहीच नाही! वर मनगटात बांगड्या असतात, त्यांच्या खाली पट्टा रुततो, नाहीतर सैल होऊन कोपरापर्यंत सरकतो. वॉकर असेपर्यंत पट्टा घोट्याला बांधावा, तिथे मोजणी पुष्कळ बरी येते. फक्त ऑपरेशनच्या पायाला सूज असेल तर दुसऱ्या पायाला, आणि तोही आवळून नाही.

मग प्रश्न येतो, चालायचं कुठे? शहरातला डॉक्टर सवयीने सांगतो, पहाटे मोकळ्या हवेत फेरी मारा. जुन्नर, आंबेगावात ऊस परसदारापर्यंत आलेला आहे आणि उसात बिबट्या आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला काठी टेकत एकट्याने उसाच्या कडेने जाणं हा इथे व्यायाम नाही, जोखीम आहे. त्यामुळे आपल्याकडची वेळ म्हणजे ऊन वर आल्यावर, आणि जागा म्हणजे घर, ओटा, अंगण. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर वॉकर घसरतो, तेव्हा पडवीतल्याच येरझाऱ्या. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला उताराची वाट आणि तुटक मोबाईल रेंज असते. तिथे मोबाईलला जोडायचा बँड कशाला? कंबरेला अडकवायचं साधं पावलं मोजायचं यंत्र पुरे, आणि तेही नसेल तर प्रत्येक फेरीला भिंतीवर कोळशाची एक रेघ. विचारणारं कुणी असलं की रेघही काम करते.

पण हे विचारणारं कोण? इथे आपण नेहमीची पळवाट काढतो आणि सगळं सुनेच्या अंगावर टाकतो. टोमॅटोची तोडणी सुरू आहे, दोन वेळचं दूध काढायचंय, मुलांची शाळा आहे, आणि आता सासूची पावलंही तिनेच मोजायची. दुसरी पळवाट म्हणजे आशाताई. तिच्याकडे आधीच कामांची चळत आहे आणि मोबदला कामामागे मोजून मिळतो. तिने घरी जाऊन आकडा बघावा असं वाटत असेल तर त्या फेरीचे पैसे ठरवा, नाहीतर बोलूच नका. चाकणच्या मुलाने रात्री दोन मिनिटांचा फोन करायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही. आकडा त्याच्या मोबाईलवर दिसतोय म्हणून फोन चुकवायचा नाही. दिसतोय म्हणूनच करायचा. ‘बाबा, काल ओट्यापर्यंत गेलता, आज गोठा बघितला का?’ हे वाक्य पोराच्या तोंडून आलं की म्हातारा उठतो.

सरकारी बाजूने पैशाचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ऑपरेशन होतं, सळई पडते, बिल भागतं. पण माणूस पुन्हा चालता होण्याचा काळ आठवड्यांचा, महिन्यांचा असतो आणि योजनेतला पाठपुरावा दिवसांत संपतो. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात तालुका पातळीवर वृद्धांची वेगळी तपासणी आणि पुनर्वसनाची सोय अपेक्षित आहे. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय आणि घोडेगाव, जुन्नरची ग्रामीण रुग्णालयं यांनी त्यातच एक भर घालावी : ग्रंथालयातून पुस्तक मिळतं तसे पट्टे सहा आठवड्यांसाठी उसने द्यावेत. अनामत घ्या, परत आल्यावर पुसून पुढच्याला द्या. पट्टा देताना नातेवाइकाला समोर बसवून दहा मिनिटं समजावून सांगा, कारण खरा विद्यार्थी तोच आहे.

आणि हे होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या : पहिल्या आठवड्यात रोज किती चालायचं, आणि ते रोज कोण विचारणार. त्या दुसऱ्या रकान्यात घरातल्या एका माणसाचं नाव पाहिजे. ‘सगळे’ असं लिहिलं तर कुणीच विचारत नाही, हे आपल्याला शेतीच्या वाटणीपासून माहीत आहे.