कर कुणाचा कमी झाला?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे, सुट्टीला गावी आला होता. शिरोड्याच्या एसटी स्टँडजवळ चहा घेताना पेट्रोलचा विषय निघाला. गाडीची टाकी तो नेहमी गोव्यातच भरून येतो. म्हणाला, "सर, थंय टॅक्स कमी आसा म्हणान पेट्रोल स्वस्त. सरकारान सगळोच टॅक्स कमी केलो तर देश कसो पुढे जायत बघा!"

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो, अर्थशास्त्र माझा विषय नाही. तरी त्याचे बोलणे डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य मी टीव्हीवर मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकतो आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते पटते. कर भरायला कुणाला आवडते?

आधी त्याच्या पेट्रोलचेच घेऊ. 2012 साली गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर, म्हणजे 0.1 टक्क्यावर आणला. लिटरमागे सुमारे अकरा रुपये कमी झाले. आमच्या भागातल्या गाड्या टाकी भरायला तिकडे वळल्या. गोव्यातल्या पंपांचा खप वाढला हे खरे. पण सीमेवरच्या माणसाने तिकडे जे पेट्रोल घेतले, ते इकडे घेतले नाही. गिऱ्हाईक एका पंपावरून दुसऱ्या पंपावर गेले, याला दोन्ही राज्यांची मिळून भरभराट म्हणता येत नाही. त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, सरकारचे मोठे उत्पन्न थांबले आणि पुढे पेट्रोलवरचा व्हॅट टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढत गेला.

मग करकपात वाईटच का? तसेही नाही, आणि हे शिरोड्याच्या माणसाला सांगायची गरज नसावी. 12 मे 1930 रोजी आमच्या गावच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तो एका कराविरुद्धच. त्याच दिवशी गुजरातेत, धारासणाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व हाती घेतलेल्या वृद्ध अब्बास तय्यबजींना अटक झाली. मिठाचा कर अन्यायाचा होता, कारण पेजेत मीठ गरीब आणि श्रीमंत सारखेच घालतात. कमाई कितीही असो, कर तेवढाच.

या कराविरुद्ध अठ्ठावीस वर्षे आधी बोलणारा माणूसही कोकणातलाच. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. 1902 सालच्या अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी सरकारला सुनावले, की तिजोरीत शिल्लक आहे आणि लोक गरीब आहेत, तर मिठाचा कर उतरवा. 1903, 1905 आणि 1907 अशा तीन टप्प्यांत तो मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. मिठाचा खप वाढला. म्हणजे तोवर लोक मीठसुद्धा हात राखून खात होते. करकपातीचा फायदा होतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

पण हेच गोखले 1911 साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणतात आणि त्यासाठी स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसवण्याची मुभा द्या म्हणतात. मिठावरचा कर कमी करा म्हणणारा माणूस शाळेसाठी नवा कर मागतो, यात मला विसंगती दिसत नाही. कर कुणाकडून घेतला आणि कशावर खर्च झाला, हे ते पाहत होते.

पुढे मिठाचा कर पुन्हा वाढला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला 28 फेब्रुवारी 1947 रोजी, हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अर्थसंकल्पात. आज त्यांचे नाव आपण वेगळ्या कारणाने घेतो. पण त्या अर्थसंकल्पातही दोन्ही गोष्टी होत्या. गरिबाच्या मिठावरचा कर गेला आणि व्यापाऱ्यांच्या मोठ्या नफ्यावर नवा कर आला. उद्योगपती नाराज झाले, आणि तो नवा कर शेवटी सौम्य करावा लागला.

आता अलीकडचे उदाहरण. 20 सप्टेंबर 2019 रोजी निर्मला सीतारामन यांनी पणजीतून जाहीर केले, की कंपन्यांवरचा कर 30 वरून 22 टक्के होईल आणि नव्या कारखान्यांना 15 टक्केच लागेल. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपये सोडले गेले. कारखाने निघतील, नोकऱ्या येतील, असे सांगण्यात आले. मध्ये कोरोना आला, हे मान्य. पण 2023-24 च्या सरकारी आर्थिक पाहणीतच लिहिले आहे, की तेहतीस हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा 2020 ते 2023 या काळात जवळजवळ चौपट झाला आणि नोकरभरती व पगार त्या मानाने वाढले नाहीत. यात आश्चर्य ते काय? गिऱ्हाईक असेल तरच मालक नवा कारखाना काढतो. गिऱ्हाईकाचा खिसा रिकामा असेल, तर वाचलेला कर तो स्वतःजवळ ठेवतो.

करकपातीचे समर्थक इब्ने खल्दूनचे नाव घेतात. 1981 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीही घेतले होते. राजवट नवी असते तेव्हा कर थोडा आणि उत्पन्न मोठे, अखेरीस कर मोठा आणि उत्पन्न थोडे, असे त्याने 'मुकद्दमा'मध्ये लिहिले आहे. पण त्याच ग्रंथात तो असेही म्हणतो, की राज्यसत्ता हीच सर्वांत मोठी बाजारपेठ; तिने पैसा अडवला की सगळे बाजार मंदावतात. हे दुसरे वाक्य सहसा कुणी सांगत नाही.

माझाच हिशेब सांगतो. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळाली आणि यंदा माझा आयकर शून्यावर आला. आनंद झाला, खोटे कशाला बोलू? वाचलेले बरेचसे पैसे घराच्या कर्जात गेले, थोडे मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवले. बाजारात त्यातले फारसे उतरले नाहीत. आता राज्यातल्या प्राथमिक शाळेतला शिक्षणसेवक पाहा. त्याचे मानधन महिना 16 हजार. आयकर त्याला आधीही नव्हता, म्हणून त्या घोषणेतून त्याला एक पैसा मिळाला नाही. पण साबण, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज, प्रत्येक वस्तूवर तो जीएसटी भरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला, ती कपात माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी पोहोचू शकते. अशा घरात शंभर रुपये वाचले तर ते त्याच आठवड्यात किराण्याच्या दुकानात जातात.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारले, "तू शिकलास ती शाळा कुणाच्या पैशावर चालली? आणि आईला दवाखान्यात नेतोस तेव्हा तिथला डॉक्टर कुणाच्या पैशावर येतो?" तो हसला. म्हणाला, "सर, म्हणजे टॅक्स वाढवूक व्हयो?"

नाही रे बाबा. पुढच्या वेळी कुणी टॅक्स कमी केला म्हणून टाळ्या वाजल्या, की दोन गोष्टी विचार. कुणाचा कमी केला? आणि त्यामुळे कशावरचा खर्च कमी होणार? उत्तर मीठ असेल तर तूही टाळी वाजव. उत्तर शाळा असेल तर हात खाली ठेव.