दोनशे रुपयांचा गुप्त ग्राहक
ग्राहक बनून दुकानात जायचे, विक्रेत्याची वागणूक गुपचूप पाहायची आणि कंपनीला अहवाल द्यायचा. मोबदला 200 रुपये! मीही हे काम एकदा केले. एसटीला 60 रुपये आणि एकूण पाच तास गेले. तासाला 28 रुपये पडले. माझी आई खुरपणीत याहून जास्त मिळवते.

पण सल वेगळाच आहे. ‘विक्रेती हसली का?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिले. दिवसभर उभी असलेली ती मुलगी माझ्याच वयाची होती. त्या ‘नाही’मुळे तिचा पगार कापला गेला तर? मालकाला तपासणीचा हक्क आहे, हे मान्य. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटले, ते उघड्यावर घाम गाळण्यासाठी. मित्रहो, असले काम परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खिशालाही आणि मनालाही!