पावती शेतकऱ्याच्या नावावर

मक्याची कापणी होऊन रानं मोकळी झाली, जानेवारीत पारा उणे वीसला गेला (सेल्सियस हो!) आणि रात्री दोन-चार इंच बर्फ पडलं, की आयोवाच्या खेड्यापाड्यांत शनिवारी सकाळी पिकअप ट्रक बाहेर पडतात. मोहीम कायोटीची. कायोटी म्हणजे ना आपला कोल्हा ना लांडगा. दोघांचा चुलतभाऊ, आकाराने मधला. गावातले जुने लोक त्याला 'काय्ओट' म्हणतात, शेवटची 'ई' खाऊन टाकतात.

पद्धत बघण्यासारखी आहे. इथली जमीन १७८५ साली ठरलेल्या मोजणीप्रमाणे मैलामैलाच्या चौकोनांत आखलेली आणि बहुतेक चौकोनांच्या कडेने खडीचे रस्ते. ताजा माग चौकोनात शिरलेला दिसतो, बाहेर पडलेला दिसत नाही, म्हणजे जनावर आत आहे. चारी बाजूंना ट्रक उभे राहतात, रेडिओवर बोलणं चालतं, कुत्री सुटतात. दुसरी तऱ्हा एकट्यादुकट्याची: पांढरे कपडे घालून ओढ्याकाठी बसायचं आणि जखमी सशाचा आवाज काढणारं यंत्र लावायचं. थंडीच का? बर्फात माग दिसतो, कातडं दाट असतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमायचा काळ असल्याने जनावर हाकेला पटकन ओ देतं. यात कौशल्य आहे, हे मान्य. उणे वीसमध्ये तीन तास न हलता बसणं हे रिमोटने गाडी आधी गरम करून मग घराबाहेर पडणाऱ्या आमच्यासारख्यांचं काम नव्हे.

मला राग येतो तो त्यानंतर येणाऱ्या वाक्याचा. "आम्ही शेतकऱ्यांवर उपकार करतोय." 

कुठल्या शेतकऱ्यावर? आयोवात पिकतो मका आणि सोयाबीन. दोन्ही कायोटीच्या कामाचे नाहीत. उलट शेतातले उंदीर, ससे हेच त्याचं रोजचं जेवण. जनावरं म्हणाल तर दोन कोटींहून जास्त डुकरं, पण ती जवळजवळ सगळी बंद शेडमध्ये. पंखे, दरवाजे, काँक्रीट. तिथे कायोटी काय, पाहुणासुद्धा अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय शिरू शकत नाही. उरले गाईंची नवी वासरं आणि मेंढ्या. हे नुकसान खरं आहे, आणि ज्याची कोकरं गेली त्याला मी प्राणीप्रेमाचं प्रवचन देणार नाही. अमेरिकेत शिकारी प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्या-कोकरांपैकी अर्ध्याहून अधिक कायोटीच्या खात्यावर जातात. पण प्रश्न असा की कुठला कायोटी, आणि कधी?

कॅलिफोर्नियात हॉपलंड येथे विद्यापीठाचं मेंढ्यांचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या अभ्यासातून दिसलं की मेंढ्या मारणारे बहुतेक सगळे त्या त्या हद्दीतल्या प्रजनन करणाऱ्या जोड्यांपैकी होते. नेमकी ती जोडी काढली तर काही महिने नुकसान थांबतं. दिसेल तो मारला तर फरक पडत नाही. आता हिवाळ्यात आवाजाला भुलून कोण येतं? बरेचदा आईबापांपासून नुकतं सुटलेलं, हद्द शोधत भटकणारं वर्षभराचं पोर. जुनी जोडी शहाणी असते, ती येत नाही. थोडक्यात, चोर सोडून वाटसरूला फटके.

विरुद्ध बाजूचा एक पुरावाही सांगतो, नाहीतर तुम्हीच कॉमेंटमध्ये लिहाल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की यूटा-आयडाहोच्या डोंगरात हिवाळ्यात हवेतून कायोटी मारल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तिथे चरायला आलेल्या कळपांतली कोकरं कमी गेली. बरोबर. पण तिथे ठरलेलं कुरण, त्यात येणारा ठरलेला कळप आणि त्याच्यासाठी मुद्दाम केलेलं काम होतं. मैलोन्‌मैल मेंढी नसलेल्या मक्याच्या धसकटांत त्याचा दाखला देऊन कसं चालेल?

आणि संख्या? इंजिनिअरला इथे जरा बरं वाटतं, कारण ही सरळसरळ फीडबॅकची गोष्ट आहे. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न जास्त, पिल्लं जास्त आणि जगतातही जास्त. कॉनोली आणि लाँगहर्स्ट या दोघांनी १९७५ साली हिशोब मांडला होता: दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिलं तरी ते संपायला पन्नासच्या वर वर्षं लागतील. सरकारने तर १९७२ पर्यंत सरकारी जमिनींवर विषसुद्धा वापरलं. त्याच उपायांनी लांडगा बहुतेक राज्यांतून नाहीसा झाला. कायोटी मात्र मूळच्या पश्चिमेकडच्या मुलखातून पसरत हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचला. शेतीखात्याचा विभाग आजही वर्षाला पन्नास हजारांहून जास्त मारतो. चार ट्रक आणि शनिवारची सकाळ त्यात काय भर घालणार?

मेंढपाळाला उपाय आहेत: पिरेनीजसारखी राखणीची कुत्री, रात्रीचं कुंपण, आणि खरोखर खोडी काढणाऱ्या जनावरावर नेमकी गोळी. आपल्या धनगराला यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुणी शिकवायला नकोत. त्याची गाठ तर लांडग्याशी असते.

आता आपल्या देशी मंडळींकडे वळतो. लंचच्या टेबलावर हा विषय निघाला की "शी, किती क्रूर लोक आहेत हे!" असा सूर लागतो. खुर्चीच्या पाठीला टांगलेल्या जाकिटाच्या टोपीला झुपकेदार फर असते. भारी जाकिटांची ती फर बऱ्याचदा कायोटीचीच असायची. कॅनडा गूजने २०२१ मध्ये फर बंद करायचं जाहीर केलं, पण जुनी जाकिटं अजून चालू आहेत. मारणाऱ्याला नावं ठेवायची आणि मारलेलं गळ्याभोवती घालून फिरायचं, यापेक्षा तो ट्रकवाला मला जास्त प्रामाणिक वाटतो. निदान थंडी तरी तो स्वतः सोसतो. कातड्याला बाजार होता तोवर निदान ते सोलून विकलं तरी जायचं. आता रस्त्याकडेच्या चरात तसेच टाकलेले कायोटी दिसतात. उपकार म्हणे!

सगळ्यात वाईट त्या स्पर्धा. सर्वांत जड कायोटीला बक्षीस, सर्वांत जास्त संख्येला बक्षीस. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये त्या बंद केल्या, पुढे बऱ्याच राज्यांनी केल्या, न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली कायदा झाला. आयोवात तशी बंदी नाही. इथे कायोटीला बंद हंगामही नाही आणि संख्येची मर्यादाही नाही; पिल्लं बिळात असतानासुद्धा आई मारली तर चालतं.

हरणाची शिकार मी वाईट म्हणत नाही. तिथे तारखा ठरलेल्या, टॅग ठरलेला, मारलं की सरकारला कळवायचं, आणि मांस घरी खाल्लं जातं. तेवढाच हिशोब कायोटीचा लावा. ज्याची मेंढी किंवा वासरू धोक्यात आहे त्याला त्याच्या जमिनीवर बाराही महिने सूट द्या. स्पर्धा बंद करा. बाकीच्यांनी हवं तर खेळ म्हणून जावं, तसं उघड म्हणावं, एप्रिल ते ऑगस्ट बंदुका घरी ठेवाव्यात आणि मारलेलं प्रत्येक जनावर नोंदवावं.